घर बांधायला आपल्याला खरोखर परवडेल का? मुंबईतील जोडप्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत भाड्याने राहायचे आणि बदलापूर, नेरळ, कर्जत, शहापूर या पट्ट्यात किंवा थेट गावी स्वतःचे घर बांधायचे, असा बेत करणारी जोडपी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. गृहकर्जाच्या फायली तपासण्यात माझी बरीच वर्षे गेली असल्याने उत्तरांत कधी कधी माझे मतही डोकावेल. उदाहरणासाठी सगळीकडे एकच काल्पनिक जोडपे घेतले आहे. त्याच्या हातात दरमहा ६२,००० रुपये येतात, तिच्या हातात ४८,००० रुपये, म्हणजे दोघांचे मिळून १,१०,००० रुपये. व्याजदर ८.५ टक्के आणि मुदत २० वर्षे धरली आहे. या हिशेबाने एक लाख रुपये कर्जाला सुमारे ८६८ रुपये मासिक हप्ता बसतो.

१. बँकेने ६० लाखांपर्यंत कर्ज मिळेल असे सांगितले आहे. याचा अर्थ तेवढे आम्हांला परवडते असा होतो का?

होत नाही. बँक पाहते ते एवढेच, की तुमच्या उत्पन्नाच्या ठरावीक हिश्श्यात, बहुधा चाळीस ते पन्नास टक्क्यांत, सर्व कर्जांचे हप्ते बसतात की नाही. आपल्या उदाहरणात पन्नास टक्के धरले तर ५५,००० रुपयांचा हप्ता बसतो आणि त्यातून सुमारे ६३ लाखांचे कर्ज निघते. परंतु तुम्ही दरमहा गावी आईवडिलांना किती पाठवता, मुलीच्या शाळेची फी कोणत्या महिन्यात भरता, घर बांधून होईपर्यंत भाडे किती देणार आहात, हे त्या गणितात येत नाही. बँकेला तिचे पैसे परत येतील की नाही, एवढेच ठरवायचे असते, आणि जोडपे पोट मारूनही हप्ता भरते हे तिला अनुभवाने माहीत असते.

२. मग आम्हांला झेपेल असा हप्ता कसा काढायचा?

मागील बारा महिन्यांची दोघांची बँक खातेपुस्तके समोर ठेवा आणि आठवणीवर विसंबू नका. आठवणीतील घरखर्च खऱ्या घरखर्चापेक्षा नेहमी कमी असतो. वर्षातून एकदोनदाच येणारे खर्च, म्हणजे जूनमधील शाळेची फी, गणपतीचा गावाकडचा प्रवास, दिवाळी, विम्याचा हप्ता आणि लग्नकार्यातील आहेर, यांची वर्षाची बेरीज करून ती बाराने भागा. हा आकडा पाहून बहुतेकांना धक्का बसतो.

आपल्या जोडप्याचा हिशेब असा आहे. भाडे २४,०००, किराणा, वीज, प्रवास व इतर घरखर्च ३४,०००, गावी ८,०००, मुलीचा मासिक खर्च ७,०००, विमा ४,००० आणि वार्षिक खर्चांचा मासिक वाटा ९,०००, असे एकूण ८६,००० रुपये खर्च होतात व २४,००० रुपये उरतात. नव्या घरात राहायला गेल्यावर भाड्याचे २४,००० सुटतील, पण वाढलेला रेल्वे पास, स्टेशनपर्यंतची रिक्षा, घरपट्टी आणि देखभाल यांपायी सुमारे ५,००० नव्याने लागतील. म्हणजे हाती ४३,००० येतात. त्यांतील ८,००० आजारपण व निवृत्तीसाठी बाजूला राहिलेच पाहिजेत. उरलेले ३५,००० ही या जोडप्याची हप्त्याची वरची मर्यादा आहे. बँकेचे ५५,००० आणि हे ३५,००० यांतील २०,००० रुपयांचे अंतर म्हणजेच या संसारातील सणवार, दवाखाना आणि गावाकडचे आईवडील होत.

या मर्यादेतून सरळ गुणाकाराने सुमारे ४० लाखांचे कर्ज निघते. तरीही तो आकडा कायम करू नका. त्यातून थोडे कमी का करावे लागते, हे प्रश्न ६ मध्ये आले आहे.

३. ठेकेदाराने चौरस फुटाला २,२०० रुपये भाव सांगितला आहे. क्षेत्रफळाला त्याने गुणले की घराचा खर्च कळतो ना?

त्या गुणाकारातून ठेकेदाराचे बिल कळते. घराचा खर्च त्याहून मोठा असतो. १,००० चौरस फुटांचे २२ लाख झाले, असे समजा. त्याच्या भावात बहुधा कुंपणाची भिंत, फाटक, बोअरवेल, शौचालयाची टाकी, विजेची जोडणी, परवानगीचे शुल्क, वास्तुविशारद व आरसीसी सल्लागार यांची फी आणि जमीन उतारावर असेल तर भराव, यांपैकी काहीच धरलेले नसते. मालासह ठेका असेल तर भाव जीएसटी धरून आहे की वगळून, हेही लेखी विचारून घ्या, कारण मालासह ठेक्यावर १८ टक्के कर लागतो. केवळ मजुरीचा ठेका आणि एकटे स्वतंत्र घर असेल तर त्या मजुरीवर कर नाही. सिमेंटवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा त्याआधीचे जुने कोटेशन कोणी पुढे केले तर ते नव्याने मागा.

आपल्या जोडप्याचा पूर्ण अंदाज असा बनतो. दोन गुंठे जागा, म्हणजे २,१७८ चौरस फूट, २२ लाख. मुद्रांक शुल्क व नोंदणी सुमारे दीड लाख. बांधकाम २२ लाख. ठेक्याबाहेरची कामे ५ लाख. बांधकामाच्या पंधरा टक्के, म्हणजे ३ लाख ३० हजार, वाढीव खर्चासाठी. बेरीज ५३ लाख ८० हजार होते. पंधरा टक्के जास्त वाटतील, पण माझ्या स्वतःच्या गावच्या घराच्या वेळी चिऱ्यांचा ट्रक घाटीच्या वळणावर अडला आणि शेवटचा अर्धा किलोमीटर सगळा माल लहान टेम्पोने न्यावा लागला. ती ओळ कोणत्याच अंदाजपत्रकात नव्हती.

४. स्वतःजवळ किती रोकड असायला हवी? दहा टक्के पुरतील असे ऐकले आहे.

रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के, ३० ते ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के रक्कम कर्जाने मिळू शकते. दहा टक्क्यांची गोष्ट फक्त पहिल्या गटाची आहे, आणि ९० टक्के ही कमाल मर्यादा आहे. बँकेचा मूल्यांकनकार जी किंमत ठरवेल तिच्यावर ही टक्केवारी चालते. मुद्रांक शुल्क व नोंदणीचा खर्च तिच्यात सहसा धरला जात नाही, आणि जागेच्या हिश्श्याला बँका अनेकदा आणखी हात आखडता घेतात.

बँकेने जागा व बांधकाम मिळून ४४ लाख मानले तर ८० टक्क्यांनी ३५ लाख २० हजार होतात. आपण कर्ज ३५ लाख धरू. एकूण ५३ लाख ८० हजारांतून ते वजा केले की १८ लाख ८० हजार स्वतःचे लागतात. प्रश्न ८ मधील सुमारे ३ लाखांची गंगाजळी धरली तर हा आकडा २१ लाख ८० हजारांवर जातो. ज्यांचा हप्ता बसतो पण एवढी रोकड जमत नाही, त्यांनी क्षेत्रफळ कमी करावे किंवा दोन वर्षे थांबावे. उरलेला भाग वैयक्तिक कर्जाने भरून काढला तर बँकेने राखलेली सुरक्षित मर्यादा आपणच मोडल्यासारखे होते.

५. बांधकाम चालू असताना भाडेही द्यायचे आणि बँकेलाही द्यायचे. हा काळ कसा काढायचा?

या प्रश्नावर मी सर्वांत जास्त वेळ थांबतो, कारण माझ्या पाहण्यात जी जोडपी अडचणीत आली ती बहुतेक याच वर्षा-दीड वर्षात आली. पुढील वीस वर्षांचा हप्ता त्यांना झेपणारा होता.

बांधकामाचे कर्ज एकरकमी मिळत नाही. जोते झाले, स्लॅब पडला, भिंती उभ्या राहिल्या, गिलावा झाला, असे टप्पे पूर्ण झाल्यावर अभियंत्याच्या दाखल्यावर बँक रक्कम सोडते. जितकी रक्कम सुटली तितक्यावर व्याज चालू होते आणि मुद्दल नंतर सुरू होते. जागाही कर्जातून घेतली असेल तर पाया खणण्याआधीच व्याज सुरू झालेले असते. जागेसाठी १६ लाख उचलले असतील तर दरमहा ११,३३३ रुपये द्यावे लागतात, आणि परवानगी येईपर्यंत त्या जागेवर फक्त गवत वाढते. पूर्ण ३५ लाख सुटल्यावर व्याज २४,७९२ रुपयांवर जाते. आपल्या जोडप्याजवळ भाडे देऊन २४,००० उरत होते, म्हणजे शेवटच्या महिन्यांत ते काठावर आहेत आणि त्या काळात बचत शून्य आहे. म्हणून जागा घेण्यापासून राहायला जाण्यापर्यंतचे महिने मोजा, त्यांत चार महिने वाढवा आणि या काळातली तूट आधीच बाजूला ठेवा.

चार महिने पावसासाठी सांगतो. जून ते सप्टेंबर कर्जत-नेरळकडे किंवा कोकणात पायाचे आणि बाहेरच्या गिलाव्याचे काम रखडते. मे महिन्यात स्लॅब पडला नाही तर बहुधा दिवाळीची वाट पाहावी लागते, आणि मुंबईतील घरमालक पाऊस पाहून भाडे थांबवत नाही.

दुसरी अडचण क्रमाची आहे. ठेकेदाराला टप्पा सुरू करण्यापूर्वी आगाऊ रक्कम हवी असते, बँक टप्पा संपल्यावर देते, आणि तीही तुमचा स्वतःचा हिस्सा आधी खर्च झाल्यावर. त्यामुळे किमान एका टप्प्याचे पैसे, म्हणजे आपल्या उदाहरणात चार-पाच लाख, सतत हातात फिरते असले पाहिजेत. स्वतःचे १८ लाख ८० हजार जागेवरच संपवून टाकू नका.

६. पुढे व्याजदर वाढला तर काय होईल?

रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना अल्पमुदतीचे कर्ज देते तो रेपो दर मे २०२० मध्ये ४ टक्क्यांवर होता. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या दहा महिन्यांतच तो ६.५० टक्क्यांवर गेला. २०२५ मध्ये तो उतरत डिसेंबरात ५.२५ टक्क्यांवर आला. बदलत्या दराचे बँकांचे गृहकर्ज ऑक्टोबर २०१९ पासून अशा बाह्य दराला जोडलेले असल्याने ही चढउतार थेट तुमच्यापर्यंत येते. वीस वर्षांत असे फेरे एकाहून अधिक वेळा येतील असे धरून चाला.

म्हणून आजच्या दरात दोन टक्के मिळवून हप्ता काढा. ३५ लाखांवर ८.५ टक्क्यांनी ३०,३७४ रुपये आणि १०.५ टक्क्यांनी ३४,९४३ रुपये हप्ता येतो. दुसरा आकडा ३५,००० च्या आत बसतो, म्हणून या जोडप्याला ३५ लाख योग्य आहेत आणि प्रश्न २ मधले ४० लाख नाहीत. दर वाढला की बँक बऱ्याचदा हप्ता तसाच ठेवून मुदत वाढवते. खिशाला त्या महिन्यात चटका बसत नाही, पण कर्ज निवृत्तीच्या पलीकडे सरकते. तसे झालेले पत्र आले तर हप्ता वाढवून मुदत पूर्ववत करण्याची मागणी करावी.

७. मुदत ३० वर्षे घेतली तर हप्ता कमी होईल. तसे करावे का?

३५ लाखांवर हप्ता ३०,३७४ वरून सुमारे २६,९१२ होतो, म्हणजे ३,४६२ रुपये वाचतात, आणि एकूण व्याज सुमारे ३८ लाखांवरून सुमारे ६२ लाखांवर जाते. तीस वर्षांची मुदत घेतल्यावरच घर परवडत असेल तर ते घर आज परवडत नाही, असे मी स्पष्ट सांगतो. सुरुवातीच्या ताणाच्या वर्षांसाठी लांब मुदत घेऊन पुढे जास्तीचे पैसे भरण्याचा बेत मात्र वाजवी आहे, कारण बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा दंड लागत नाही. अट एवढीच, की ते जास्तीचे पैसे खरोखर भरले गेले पाहिजेत.

८. दोघांपैकी एकाची नोकरी गेली किंवा मूल झाले तर?

मोठा पगार बंद पडला असे धरून हिशेब करा. नव्या घरात खर्च ६७,००० आणि हप्ता ३०,४००, एकूण ९७,४००. तिच्या ४८,००० रुपयांतून दरमहा ४९,४०० कमी पडतील, आणि सहा महिन्यांसाठी सुमारे ३ लाख. ही रक्कम मुदत ठेवीत, दोघांपैकी कोणालाही लगेच काढता येईल अशी ठेवावी, आणि बांधकामात फरशी आवडली म्हणून तिला हात लावू नये.

पहिल्या दोन अपत्यांसाठी कायद्याने २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा आहे, पण ती प्रत्येक नोकरीत हाती पडतेच असे नाही. कंत्राटी किंवा स्वतःच्या व्यवसायातून उत्पन्न असेल तर ते महिने पूर्ण बिनपगारी धरावेत. रजेनंतर पाळणाघराचा खर्च सुरू होतो, आणि बदलापूरहून दक्षिण मुंबईत नोकरी असेल तर जाण्यायेण्याचा वेळ पाहता ते पाळणाघर जास्त तासांचे लागते. बाळाचा विचार पुढील दोन वर्षांत असेल तर हा खर्च आताच प्रश्न २ च्या यादीत लिहा. दोघांच्या नावे कर्जाच्या रकमेइतका मुदत विमा, ज्याच्या त्याच्या हप्त्याच्या वाट्यानुसार, असावा.

९. पतपेढीचे कर्ज, भिशी, सोनेतारण आणि भावाकडून घेतलेले उसने पैसे हिशेबात धरायचे का?

सगळे धरायचे. कर्मचारी पतसंस्थेची कपात पगाराच्या चिठ्ठीवर दिसते, त्यामुळे बँक ती वजा करतेच. भिशी आणि उसने पैसे तिला दिसत नाहीत, म्हणून ते जास्त घातक असतात. भावाने “सावकाश दे” म्हटले असले तरी त्याच्या मुलीचे लग्न ठरले की सावकाश संपते. अशा रकमेला स्वतःच तारीख लावा आणि मासिक हप्ता समजून यादीत घाला. दागिने विकून हिस्सा उभा करणे आणि ते गहाण ठेवून करणे यांत पहिले मला बरे वाटते, पण हे दोघांनी, आणि मुख्यतः जिचे दागिने आहेत तिने, ठरवायचे आहे.

१०. गावी वडिलोपार्जित जागा आहे, म्हणजे जागेचे २२ लाख वाचले. आता तर सहज परवडेल ना?

पैसे वाचतात, पण तीन गोष्टी आधी तपासाव्या लागतात.

सातबाऱ्यावर आजोबांच्या नावाखाली काका, आत्या आणि चुलत भावंडे असतील तर बँक त्या सामाईक जागेवर सहसा कर्ज देत नाही. मुलींचा हक्क मुलांइतकाच असल्याने आत्यांच्या सह्या टाळता येत नाहीत. नोंदणीकृत वाटणीपत्र किंवा हक्कसोडपत्र आणि त्यानंतर फेरफार, यांत कित्येक महिने जातात. गावठाणातील घराचा ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे. तो मालकीचा पुरावा नव्हे. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेतून तुमच्या गावठाणाचे मालमत्ता पत्रक तयार झाले असेल तर काम बरेच सोपे होते.

जमीन शेतीची असेल तर ती अकृषिक झाल्याशिवाय गृहकर्ज अवघड आहे. उताऱ्यावर भोगवटादार वर्ग २, म्हणजे हस्तांतरणावर शासनाचे निर्बंध असलेली जमीन, असेल, किंवा जमीन आदिवासी खातेदाराची असेल, तर शासकीय परवानगीवाचून पुढे जाऊच नका. किनाऱ्यालगत सीआरझेडचे, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राचे, बांधकामावरील निर्बंधही पाहावे लागतात.

तिसरी गोष्ट सर्वांच्या नजरेतून सुटते. गावचे घर बांधल्याने मुंबईचे भाडे सुटत नाही. आपल्या जोडप्याजवळ मग हप्त्यासाठी ४३,००० नसून २४,००० च आहेत, त्यांतून ८,००० बाजूला काढले की १६,००० उरतात. दोन टक्के वाढीव दराने त्यात १६ लाखांचे कर्ज बसते. म्हणजे जागा फुकट असूनही कर्जाची ताकद निम्म्याहून कमी झाली. हौसेचे घर आणि राहायचे घर यांचे हिशेब वेगळे ठेवावेत.

११. करातील सवलत आणि सरकारी अनुदान धरले तर हप्ता हलका होतो का?

जुन्या करप्रणालीत स्वतः राहण्याच्या घरावर वर्षाला दोन लाखांपर्यंतचे व्याज उत्पन्नातून वजा होते. दोघे सहमालक व सहकर्जदार असून दोघांनीही परतफेड केली तर दोघांना स्वतंत्रपणे ते मिळते. नव्या प्रणालीत राहत्या घराला ही वजावट नाही. कर्ज घेतलेले आर्थिक वर्ष संपल्यापासून पाच वर्षांत बांधकाम पूर्ण झाले नाही तर दोन लाखांची मर्यादा ३०,००० वर येते, ही अट गावी रेंगाळणाऱ्या बांधकामांना हमखास नडते.

प्रधानमंत्री आवास योजनेच्या १ सप्टेंबर २०२४ पासूनच्या शहरी टप्प्यात वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत आणि कर्ज २५ लाखांपर्यंत असल्यास जास्तीत जास्त १ लाख ८० हजारांचे व्याज अनुदान पाच वार्षिक हप्त्यांत मिळते, आणि कुटुंबाच्या नावे देशात कोठेही पक्के घर नसावे लागते. आपले जोडपे वर्षाला १३ लाख २० हजार मिळवत असल्याने ते बाहेरच राहते. पात्र असणाऱ्यांनीही हे पैसे परवडण्याच्या गणितात न धरता, आले की मुद्दलात भरावेत.

१२. चाळीचा पुनर्विकास होणार आहे. विकासकाचे भाडे आणि पुढची नवी खोली धरून कर्ज मोठे घ्यावे का?

नाही. करार नोंदवला गेला आणि भाड्याची रक्कम खात्यात नियमित येऊ लागली, तर तेव्हा फेरविचार करावा.

१३. पैसे मध्येच संपले तर आधी एवढेच बांधून बाकीचे नंतर बांधता येईल का?

आधीपासून तसे आखले असेल तर येते. पाया आणि खांब पुढच्या मजल्याच्या हिशेबाने घातले, जिन्याची जागा सोडली, नकाशा पूर्ण मंजूर करून घेतला आणि बँकेला मात्र फक्त तळमजल्याचे अंदाजपत्रक दिले, तर ६५० चौरस फुटांत राहायला जाता येते. खांबांपायी थोडा खर्च वाढतो. याउलट १,००० चौरस फुटांचे घर छताशी अडकले तर त्यात राहता येत नाही, भाडे सुटत नाही, आणि पुढचा टप्पा पूर्ण नाही म्हणून बँकही पुढची रक्कम सोडत नाही.

१४. आमचे सगळे आकडे अगदी काठावर येतात. आता ठरवायचे कसे?

रंगीत तालीम करा. वाढीव दराच्या हप्त्यातून आजचे भाडे वजा करा, त्यात नव्या घराचा वाढीव खर्च मिळवा, आणि ती रक्कम पगाराच्या दुसऱ्या दिवशी वेगळ्या खात्यात टाका. आपल्या जोडप्यासाठी ३५,००० वजा २४,००० अधिक ५,०००, म्हणजे दरमहा १६,००० रुपये होतात. नेहमीचे ८,००० त्याशिवाय वेगळे ठेवायचे. बांधकामाच्या काळाची तालीम हवी असेल तर तीन महिने पूर्ण २४,००० टाकून पाहा. तालमीत जून आणि गणपतीचा महिना आलाच पाहिजे, नाहीतर ती सोप्या महिन्यांची तालीम होते. त्या खात्यातून एकदा पैसे काढावे लागले तर कशासाठी काढले ते लिहून ठेवा. दोनदा काढावे लागले तर कर्जाचा आकडा पाच लाखांनी कमी करून नकाशा पुन्हा वास्तुविशारदाकडे न्या. साठलेली रक्कम वाया जात नाही, ती प्रश्न ४ मधील तुमच्या हिश्श्यात जमा होते.